नाच रेखाटायला विलो चारकोल

कथकची गिरकी कागदावर पकडायची तर विलो चारकोलला, म्हणजे विलो झाडाच्या फांद्यांपासून केलेल्या कोळशाच्या कांड्यांना, तोड नाही. ५-६ मिमी जाडीच्या कांडीचा दोन इंची तुकडा मोडून आडवा धरा. टोकाने काढलं की रेष थिजते. ३० सेकंदांत आधी कणा, मग कमरेचा कल, डोकं शेवटी. घेराचा फराटा मात्र एका दमात, खांद्यातून हात फिरवून. चित्रकार कांदिन्स्कीने १९२६ मध्ये जर्मन नर्तकी ग्रेट पालुकाची (Gret Palucca) नृत्यं मोजक्या वक्ररेषांत मांडली, तीही छायाचित्रांवरून! भरतनाट्यमच्या अरमंडीत (गुडघे बाहेर वळवून अर्धं बसण्याच्या स्थितीत) गुडघ्यांचे कोन नेमके हवेत, तिथे चारकोल पेन्सिलच बरी.

मोठा दोष म्हणजे भुकटी धरत नाही. गुळगुळीत कागदावरून फुंकरीनेही उडते. खरबरीत कार्ट्रिज कागद घ्या. फिक्सेटिव्ह (भुकटी कागदावर पक्की करणारा फवारा) फूटभर अंतरावरून दोन पातळ हातांत मारा, जवळून मारलं की ओघळ येतात.