कामगार दिनी सुरू असलेली घरपोच सेवा : एक परीक्षण

घरपोच सामान पोहोचवणाऱ्या एका अ‍ॅपचा मी नियमित ग्राहक आहे आणि निव्वळ ग्राहक म्हणून विचारले, तर या सेवेविषयी तक्रार करण्यासारखे फारसे काही नाही. हवी ती वस्तू चटकन सापडते, सामान नीट बांधून येते, दिलेली वेळ बहुधा पाळली जाते आणि चुकीची वस्तू आल्यास पैसे परत मिळण्यास विलंब होत नाही. परंतु यंदा १ मे रोजी अ‍ॅपवर कामगारांना वंदन करणारे भलेमोठे चित्र झळकत होते, त्याखाली त्या दिवसापुरती खास सवलत होती आणि सेवा मध्यरात्रीपर्यंत अखंड सुरू राहील अशी ग्वाहीही होती. ही ग्वाही ज्यांच्या जिवावर दिली गेली ते वंदन झालेले कामगारच असल्यामुळे, या सेवेचे मोजमाप त्यांच्या बाजूनेही करणे मला आवश्यक वाटते.

हा दिवस मुळात सुट्टीचा नव्हता, तो संपाचा होता. १८८६ च्या मे महिन्यात अमेरिकेतील कामगार आठ तासांच्या दिवसासाठी रस्त्यावर उतरले, शिकागोच्या हेमार्केट चौकात बॉम्बस्फोट आणि गोळीबार झाला आणि पुढच्या वर्षी त्या प्रकरणात चौघांना फाशी देण्यात आली. १८८९ मध्ये पॅरिसला भरलेल्या समाजवादी परिषदेच्या ठरावानुसार १८९० पासून अनेक देशांत १ मे रोजी निदर्शने होऊ लागली. पुढे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९१९ मध्ये उद्योगांसाठी दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालणारा करार केला, १९२१ मध्ये साप्ताहिक विश्रांतीचा आणि १९३६ मध्ये पगारी वार्षिक रजेचा. यातला शेवटचा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण ज्या दिवशी काम नाही त्या दिवसाचे वेतनही मिळते तेव्हाच कामगाराला ती सुट्टी घेणे परवडते. एरवी तो बुडालेला रोज असतो.

या सेवेत अडचण नेमकी तिथेच आहे. सामान आणून देणाऱ्याला दिवसाचा पगार नसतो, दर ऑर्डरमागे पैसे मिळतात. गाडी त्याची, इंधन त्याचे, फोन आणि त्याचा खर्चही त्याचाच, आणि गोदामाबाहेर ऑर्डरची वाट पाहण्यात जो वेळ जातो त्याचे मोल शून्य. ठरावीक ऑर्डरी पूर्ण झाल्या की वर इन्सेन्टिव्ह मिळतो आणि बऱ्याच जणांच्या कमाईचा मोठा भाग तोच असतो. इतरांना सुट्टी असते त्या दिवशी मागणी वाढते, म्हणून त्याच दिवशी इन्सेन्टिव्हही वाढवला जातो. परिणामी ज्या दिवशी विश्रांती घ्यावी असे सारे जग म्हणते, तोच दिवस या माणसाला घरी बसण्यासाठी सर्वांत महाग पडतो. त्या दिवशी माझ्याकडे आलेल्या मुलाला मी सुट्टीबद्दल विचारले, तेव्हा तो हसून म्हणाला, "आज लॉगिन केलं नाही तर आठवड्याचा इन्सेन्टिव्ह जातो, सर," आणि पुढच्या ऑर्डरसाठी निघून गेला.

कंपन्यांचे यावर ठरलेले उत्तर असे की, ही माणसे स्वतंत्र व्यावसायिक आहेत, केव्हा काम करायचे हे तीच ठरवतात. हे अगदीच खोटे नाही. शिक्षण सांभाळून किंवा दुसरी नोकरी करून संध्याकाळी दोन-चार तास काम करणाऱ्यांना ही मोकळीक खरोखर सोयीची असते. मात्र ज्याचे घरच या कामावर चालते आणि ज्याची आयडी कमी रेटिंगमुळे केव्हाही बंद होऊ शकते, त्याचे तास अ‍ॅपच ठरवते, आणि ते वाढतच जातात. दीर्घ कामाचे परिणाम आता नीट मोजले गेले आहेत. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ च्या संयुक्त अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम केल्यामुळे पक्षाघात व हृदयविकाराने २०१६ या एका वर्षात सुमारे ७ लाख ४५ हजार मृत्यू झाले.

पगारी रजा या व्यवसायात बसतच नाही, असेही नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये अ‍ॅपवर चालणाऱ्या टॅक्सीच्या चालकांना कामगार ठरवले आणि त्यासोबत किमान वेतनाचा व पगारी रजेचा हक्क आला. स्पेनने त्याच वर्षी ऑर्डरी पोहोचवणाऱ्यांना कर्मचारी मानणारा कायदा केला. तेव्हा कामगार दिनाचे चित्र लावणाऱ्या कंपनीने निदान गेल्या काही आठवड्यांच्या सरासरीइतकी त्या दिवसाची कमाई द्यावी आणि गैरहजेरीमुळे इन्सेन्टिव्ह कापू नये, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही. ग्राहकांनी त्या दिवशी ऑर्डर देऊ नये, असा सल्ला मी देणार नाही. सध्याच्या व्यवस्थेत त्याने कंपनीआधी त्या मुलाचेच पैसे बुडतील.

सामान, वेळ आणि परतावा यांसाठी मी या सेवेला पाचपैकी चार तारे देतो. काम देणारी म्हणून तिला दोन देतो, तेही अपघात विम्याची सोय ठेवल्याबद्दल. अ‍ॅपमध्ये हा दुसरा आकडा भरण्याची सोय नाही. तिथे फक्त आणून देणाऱ्याच्या वागणुकीला गुण देता येतात. ज्यांना ही सेवा वापरायची आहे त्यांनी तातडीच्या डिलिव्हरीऐवजी नंतरची वेळ निवडण्याचा पर्याय वापरून पाहावा. सामान तितकेच चांगले येते आणि घाईघाईत गाडी हाकण्याची वेळ कोणावर येत नाही.