कॅनव्हा, अडोबी एक्स्प्रेस की इंकस्केप? बेळगावात पीआरचं काम बघणाऱ्यांनी काय घ्यावं

पतसंस्था, शाळा, हॉस्पिटल नाहीतर एखाद्या मंडळाच्या प्रसिद्धीचं काम बघणाऱ्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या लोकांसाठी हे लिहितोय. वरची तिन्ही पोस्टर, बॅनर करायची सॉफ्टवेअर. डिझायनर ठेवायला बजेट नसतं नि चेअरमन साहेबांचा फोन येतो, संध्याकाळच्या कार्यक्रमाचं पोस्टर तासाभरात पाहिजे. यूट्यूबवर तुलनेचे व्हिडिओ भरपूर आहेत, पण मराठी नि कन्नड एकाच पोस्टरवर बसवून तिथं कोण दाखवत नाही, आणि आपलं रोजचं काम तर तेच असतंय.

ज्याला कायच येत नाही त्यानं सरळ कॅनव्हा घ्यावं. फोनवर चालतं, ब्राउझरमध्ये चालतं, सत्काराची पोस्ट, व्हॉट्सॲप स्टेटस, निमंत्रण सगळं फ्रीमध्येच होऊन जातं. अडतं ते पुढं, फोटोचं बॅकग्राऊंड काढायचं, तयार डिझाईन एका क्लिकमध्ये दुसऱ्या साईजचं करायचं, पारदर्शक पीएनजी पाहिजे, स्वतःचा फॉन्ट चढवायचाय, की लगेच प्रो, म्हणजे पैसे भरून घ्यायचं कॅनव्हा, मागतं. प्रो वर्षाला चार हजारांच्या आसपास जातं, रोज पोस्ट टाकणाऱ्या संस्थेला ते परवडतं असं माझं मत. आणि तुमचा नोंदणीकृत सेवाभावी ट्रस्ट असेल तर पैसे भरायच्या आधी कॅनव्हाकडं नॉन-प्रॉफिट म्हणून अर्ज करा, शाळांसाठी पण फुकटची वेगळी योजना आहे. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

अडोबी एक्स्प्रेस म्हणजे पूर्वीचं स्पार्क, २०२१ च्या शेवटी नाव बदललं. मला ते जोडीला ठेवायलाच बरं वाटतं, कारण बॅकग्राऊंड काढायची सोय तिथं फ्रीमध्ये आहे. पाहुण्यांचा फोटो तिथं कापायचा, कॅनव्हात आणून बसवायचा, काम झालं.

टूल कुठलंही घ्या, ठरवायच्या आधी त्यात एक ओळ टाइप करून बघा: ‘उत्तीर्ण विद्यार्थ्यांचा सत्कार’. त्यातल्या ‘र्थ्यां’वर रफार, काना नि अनुस्वार एकाच ठिकाणी येतात, काही फॉन्टमध्ये ते एकमेकांवर चढून नुसता काळा ठिपका दिसतो, आणि दहा फुटी बॅनरवर तो ठिपका लांबून पण कळतो. खाली कन्नड ओळ टाकली की दुसरी पंचाईत, मराठी जाड नि कन्नड बारीक, बघणाऱ्याला वाटतं एका भाषेला मुद्दाम कमी लेखलंय. आपल्या भागात ही बारीक गोष्ट नाही. यावर उपाय म्हणजे फॉन्ट बनवणाऱ्या मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे बलू फॉन्ट, मराठीला बलू २, कन्नडला बलू तम्मा २, एकाच घराण्यातले असल्यामुळं जाडी नि वळण जुळतं. गूगल फॉन्टवर फुकट मिळतात.

फ्लेक्स आणि छपाईचं काम वरचेवर असेल तर मात्र इंकस्केप शिकाच. पूर्ण फुकट आहे, पण कॉम्प्युटर लागतो, आणि पहिले काही दिवस डोकं खातंय हे खरं. आपल्याकडचे डीटीपीवाले अजून डिझाईनला कोरलड्रॉ, मराठी टायपिंगला श्रीलिपी नि कन्नडला नुडी या सॉफ्टवेअरवर काम करतात, तुमचा युनिकोड फॉन्ट (फोन, इंटरनेटवर चालतो तो) त्यांच्या मशीनवर नसला की जोडाक्षरं फुटतात. इंकस्केपमध्ये सगळा मजकूर सिलेक्ट करून ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ केलं की अक्षरांचे नुसते आकार होतात, मग फॉन्टचा प्रश्नच मिटला, पीडीएफ द्या नि निर्धास्त राहा. एक प्रत पाथ न करता ठेवा, नाहीतर तारीख बदलली की परत सगळं टाइप करत बसावं लागतं. रंगाचं मात्र बघा, इंकस्केप आरजीबीवरच (स्क्रीनच्या रंगांवर) चालतं, प्रेसला सीएमवायके (छपाईच्या रंगांची) पीडीएफ लागली तर कॅनव्हा प्रो नाहीतर स्क्रायबस हे फुकटचं सॉफ्टवेअर.

फक्त फोनच असेल तर अँड्रॉइडवर पिक्सेललॅब हे ॲप. त्यात आपला फॉन्ट घालता येतो, बर्थडे नि श्रद्धांजलीच्या बॅनरला पोरं तेच वापरतात. टीमला मिळून काम करायला उपयोगाचं नाही.

नामफलक करायचा असेल तर कर्नाटकाच्या कन्नड भाषा कायद्यातल्या २०२४ च्या दुरुस्तीनुसार व्यावसायिक आस्थापनांच्या फलकावर ६० टक्के कन्नड लागतं, म्हणून आधी कन्नडची जागा आखून घ्या, मग मराठी बसवा. आणि कन्नड मजकूर कन्नड शाळेत शिकलेल्या माणसाला दाखवल्याशिवाय प्रेसला पाठवू नका, गूगल ट्रान्सलेटवर पदनामं नि आडनावं चुकतात, फ्लेक्स एकदा छापून आला की काय करणार.