वेषांतर केलेला स्पॅम: स्वतःचा फिल्टर बरा की शिकणारी चाळणी?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमच्या दाजींचं मशीन शॉप आहे, तिथले मेल मी बघतो. सकाळचा चहा येईपर्यंत 'कोटेशन', 'थकलेलं पेमेंट', 'कुरियर अडकलंय' असा ढीग साचलेला असतो. त्यातला एखादा खरा निघतो, तीच पंचाईत.

जीमेलमध्ये आपणच शब्द देऊन फिल्टर लावणं दोन मिनिटांचं काम. एकाच पत्त्यावरून छळणाऱ्याला तो पुरतो, सोंग घेणाऱ्यापुढे मात्र लंगडा. इंग्रजी 'लोन' अडवलं की पलीकडचा 'ओ'च्या जागी शून्य टाकतो. शून्य अडवलं की रशियन लिपीतला 'ओ' घालतो. डोळ्याला तोच, संगणकाला वेगळं अक्षर. अक्षरांच्या मध्ये न दिसणारी, शून्य रुंदीची चिन्हंही पेरतात. एकदा समोर उघड्या असलेल्या मेलमधला शब्द मी हातानं टाइप करून शोधला, तर तोच मेल सापडेना!

वर 'अर्जंट पेमेंट' अडवायला गेलो, तर गिऱ्हाइकाचा खरा मेल ट्रॅशमध्ये. तिथलं ३० दिवसांनी कायमचं जातं. हा २६व्या दिवशी हाती लागला. दाजी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दुसरा पर्याय थंडरबर्ड, म्हणजे संगणकावर मेल वाचायचा प्रोग्राम. त्याची चाळणी बेझच्या गणितावर चालते: कुठला शब्द स्पॅममध्ये किती वेळा येतो आणि चांगल्या मेलमध्ये किती, यावरून शक्यता काढते. प्रोग्रामर पॉल ग्रॅहम यांच्या २००२ मधल्या लेखानं ही पद्धत गाजली. इथं सोंगच अंगाशी येतं: शून्यवालं 'लोन' सरळ माणूस लिहीतच नाही, म्हणून दोन-चारदा जंक म्हटलं की तो शब्दच पुरावा ठरतो. 'कास्टिंग', 'ड्रॉइंग' हे आपल्या बाजूचे साक्षीदार. पण चांगले मेलही 'जंक नाही' म्हणून दाखवावे लागतात, आणि दरवेळी नवं सोंग आलं की ती चकते. जीमेलवाल्या गूगलनं अशी अक्षरचलाखी ओळखायला २०२३ मध्ये रेटव्हेक नावाचं तंत्र जाहीर केलं. जीमेलमध्ये ते घरबसल्या मिळतंच.

तेव्हा जीमेल असेल तर शब्द अडवायच्या फंदात पडू नका. फिल्टर लावायचाच तर नेहमीच्या गिऱ्हाइकांचे पत्ते स्पॅममध्ये जाऊ नयेत म्हणून लावा, आणि स्पॅमचा फोल्डर आठवड्याला चाळा. मेल होस्टिंगवाल्याकडे असेल तर थंडरबर्ड घ्या, महिनाभर शिकवा.

आपल्याला माल पुरवणाऱ्याचंच मेल खातं हॅक झालं तर दोन्ही फिल्टर गप्प बसतात. 'बँक खातं बदललंय' असा मेल आला की मी फोन लावतो. नंबर मेलमधला नाही, जुन्या बिलावरचा.