एकत्र राहणे, विधिवत लग्न की नोंदणी विवाह : कोल्हापुरातील जोडप्यांसाठी कायदेशीर तुलना

राजारामपुरीत दोघे मिळून घर भाड्याने घेतात, खर्च वाटून घेतात आणि शेजारीपाजारी त्यांना नवरा-बायकोच समजतात. पुढे घरकर्ज, आजारपण किंवा मूल यांपैकी काही समोर आले की प्रश्न पडतो, असेच राहिले तर काय बिघडेल? अशा जोडप्यापुढे तीन वाटा असतात. लग्नाशिवाय एकत्र राहता येते, धार्मिक विधींनी लग्न करून त्याची नोंद करता येते, किंवा विशेष विवाह कायद्याखाली थेट विवाह करता येतो.

पहिल्या वाटेबद्दल एक समजूत पक्की रुजलेली आहे, ती म्हणजे काही वर्षे एकत्र राहिले की कायदा त्यांना आपोआप पती-पत्नी मानतो. ही समजूत इंग्रजी कॉमन लॉच्या नावावर चालते, पण खुद्द इंग्लंडने १७५३ च्या विवाह कायद्याने तशा अनौपचारिक लग्नांना पूर्णविराम दिला. भारतात कॉमन लॉच्या, म्हणजे न्यायाधीशांच्या निर्णयांतून घडत गेलेल्या कायद्याच्या परंपरेतून जे आले ते लग्न नसून लग्नाचे अनुमान आहे, आणि या दोहोंतील अंतर निर्णय घेणाऱ्याने नीट समजून घ्यावे असे आहे. स्त्री-पुरुष दीर्घकाळ पती-पत्नी म्हणून राहिले आणि समाजाने त्यांना तसे ओळखले, तर विरुद्ध पुरावा येईपर्यंत त्यांचे लग्न झाले होते असे न्यायालय गृहीत धरते. ब्रिटिश साम्राज्यातील वसाहतींसाठीचे तेव्हाचे शेवटचे अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने १९२७ मध्ये सिलोनमधील (आजच्या श्रीलंकेतील) एका खटल्यात हे तत्त्व मांडले. १९७८ च्या बद्री प्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे सुमारे पन्नास वर्षे एकत्र राहिलेले जोडपे होते, आणि अर्ध्या शतकानंतर लग्न लावणारा भटजी व साक्षीदार आणून उभे करा असे सांगितले तर फार थोड्यांना ते जमेल, असा त्या निर्णयाचा आशय होता. पूर्वी या अनुमानाचा आधार १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ११४ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११९ मध्ये आहे.

हे अनुमान लग्न झाल्याचे धरते. ज्या दोघांनी समजूनउमजून लग्न केलेलेच नाही आणि तसे उघडपणे सांगितलेही आहे, त्यांना त्याचा आधार मिळणे अवघड आहे. शिवाय अनुमान खोडून काढता येते, आणि ते खोडायला पुढे येणारा माणूस बहुधा दोघांपैकी कोणी नसतो. एकाच्या निधनानंतर सातबाऱ्यावर वारसनोंद लावायची वेळ येते तेव्हा भाऊ किंवा पुतणे हरकत घेतात. मग शिधापत्रिका, मतदारयादी, मुलाच्या शाळेच्या दाखल्यावरील नाव, शेजाऱ्यांच्या साक्षी अशा एकेका कागदावर नाते सिद्ध करीत बसावे लागते. दहा-वीस वर्षांचा संसार असेल तर हे कागद साठलेले असतात. तीन वर्षांच्या सहवासात ते फारसे नसतात.

सहवासातील स्त्रीला खरे संरक्षण २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने दिले. त्यात ‘विवाहसदृश नाते’ समाविष्ट असल्याने तिला सामाईक घरात राहण्याचा हक्क, संरक्षण आदेश आणि आर्थिक साहाय्य मागता येते. पण प्रत्येक सहवास विवाहसदृश ठरत नाही. वेलुसामी खटल्यात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॉमन लॉ विवाहाच्याच कसोट्या लावल्या : दोघांनी समाजात पती-पत्नीप्रमाणे वावरावे, दोघे कायद्याने विवाहयोग्य वयाचे व अविवाहित असण्यासह लग्नास पात्र असावेत, आणि स्वेच्छेने लक्षणीय काळ एकत्र राहिलेले असावेत. २०१३ च्या इंद्रा सरमा खटल्यात, पुरुष विवाहित असल्याचे ठाऊक असूनही त्याच्याबरोबर राहिलेल्या स्त्रीला हे संरक्षण नाकारले गेले. हा कायदा स्त्रीसाठीच असल्यामुळे सहवासातील पुरुषाला त्याखाली दाद मागता येत नाही. वारसाहक्क तर यातून कोणालाच मिळत नाही.

धार्मिक विधींनी होणाऱ्या लग्नात या अडचणी फार कमी होतात, पण एक गफलत सर्रास होते. लोक आधी नोंदणीचा दाखला काढतात आणि ‘समारंभ नंतर करू’ म्हणतात. हिंदू विवाह कायदा १९५५ च्या कलम ७ नुसार लग्न रूढीप्रमाणे विधींनीच होते, आणि विधी न होता मिळवलेल्या दाखल्याने हिंदू विवाह अस्तित्वात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले. नोंदणी हा झालेल्या लग्नाचा पुरावा असतो. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानुसार ही नोंद लग्नानंतर ९० दिवसांत करायची असते, शहरात महापालिकेकडे आणि गावात ग्रामपंचायतीकडे. लग्नाच्या छायाचित्रांबरोबर निमंत्रणपत्रिकाही जपून ठेवावी.

तिसऱ्या वाटेला आपल्याकडे ‘कोर्ट मॅरेज’ म्हणतात. वास्तविक त्यात कोर्टाचा संबंध नसतो, विवाह अधिकाऱ्यापुढे काम होते. विशेष विवाह कायदा १९५४ खाली दोघांपैकी एकाने तरी नोटिशीच्या आधी किमान ३० दिवस जिल्ह्यात वास्तव्य केलेले असावे लागते. नोटीस कार्यालयात लावली जाते, ३० दिवस हरकतींसाठी ठेवले जातात, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत तीन साक्षीदारांसमोर विवाह न झाल्यास नवी नोटीस द्यावी लागते. हरकत वय, आधीचे लग्न, निषिद्ध नाते अशा कायदेशीर कारणांवरच घेता येते. आईवडिलांची नाराजी हे कारण होत नाही. पण भिंतीवरची नोटीस त्यांच्या नजरेस पडू शकते, आणि आंतरजातीय जोडप्यांना खरी धास्ती तिचीच असते. ब्रिटिशांच्या १८७२ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करू इच्छिणाऱ्यांना आपण प्रमुख धर्मांपैकी कोणताही मानत नाही असे जाहीर करावे लागे, हे लक्षात घेतले म्हणजे राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ मध्ये करवीर संस्थानात आंतरजातीय व आंतरधर्मीय विवाहांना दिलेली मान्यता किती पुढची होती ते कळते.

वारशाच्या बाबतीत दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेतला फरक बहुतेकांना ठाऊक नसतो. दोघेही हिंदू असतील तर विशेष विवाह कायद्याखाली लग्न करूनही हिंदू उत्तराधिकार कायदाच लागू राहतो. मृत्युपत्र न करता पती गेल्यास विधवा, मुले आणि पतीची आई यांना समान वाटा मिळतो. आंतरधर्मीय विवाहात मात्र भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ लागतो. तेथे मुले असतील तर विधवेला एक तृतीयांश व मुलांना दोन तृतीयांश मिळते, आणि आईला काही मिळत नाही. असा विवाह करणारी हिंदू व्यक्ती एकत्र कुटुंबातून विभक्त झाली असेही कायदा मानतो. घरची सामाईक शेतजमीन असलेल्यांनी हे लग्नाआधीच वकिलाकडून समजून घ्यावे.

मुलांच्या बाबतीत न्यायालये उदार आहेत. दीर्घ सहवासातून विवाहाचे अनुमान टिकले, तर अपत्याला वडिलोपार्जित मालमत्तेतही वाटा मिळतो, हे २०२२ च्या एका निर्णयात दिसले. लग्न होऊनही ते अवैध ठरले, तर मुलांना आईवडिलांच्या मालमत्तेतच हक्क असतो. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात एकत्र कुटुंबातील पालकाचा काल्पनिक वाटणीने ठरणारा, म्हणजे मृत्यूच्या आधी वाटणी झाली असती तर त्याला मिळाला असता तो, हिस्साही धरला.

माझे मत विचाराल तर, दोघांपैकी एकाचेही उत्पन्न किंवा घर दुसऱ्याच्या नावावर अवलंबून असेल, तर पहिल्या वाटेवर फार काळ रेंगाळू नये. भिन्नधर्मीय जोडप्याला तिसरी वाट सरळ आहे. समारंभाची हौस असलेल्या हिंदू जोडप्याला दुसरी पुरेशी आहे. एकत्रच राहायचे ठरले असेल, तर भाडेकरारावर दोघांची नावे असावीत आणि दोघांनी दोन साक्षीदारांच्या सह्यांसह मृत्युपत्र करावे. बँकेत नुसते नामनिर्देशन करून भागत नाही, कारण नामनिर्देशित व्यक्ती पैसे स्वीकारते, त्यांची मालक होत नाही. आणि विधींनी लग्न झालेल्यांना पुढे विशेष विवाह कायद्याखाली यावेसे वाटले, तर त्याच कायद्याच्या कलम १५ खाली तशी नोंद करता येते. तेथेही नोटिशीचे ३० दिवस धरावे लागतात.