आठ महिने, सोळा डबे: माझ्या पहिल्या एअर पिस्तुलाचा अनुभव

काल पेलेटचा, म्हणजे एअर पिस्तुलाच्या शिशाच्या छोट्या छर्‍यांचा, सोळावा डबा संपला. एका डब्यात ५००, म्हणजे या पिस्तुलातून माझ्या हातून ८००० शॉट गेले. आता त्याच्याबद्दल बोलायला हरकत नाही. घेतलं त्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं, आणि चौथ्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसती तक्रार.

पिस्तूल १० मीटर नेमबाजीचं आहे, ४.५ मिलिमीटर कॅलिबरचं, एका दाबात हवा भरणारं, सेकंडहँड. प्रत्येक शॉटआधी नळीखालचा दांडा पूर्ण उघडायचा आणि मिटायचा, की एका शॉटपुरती हवा दाबली जाते. सिलिंडर नाही, वेगळा पंप नाही, बॅटरी नाही. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही. जुन्या पिस्तुलाचा निम्मा गुण कंपनीचा असतो आणि निम्मा आधीच्या मालकाच्या हाताचा, त्यामुळे माझं वाचून कुणी त्याच नावाच्या मागे लागू नये.

पैसे मोजके होते. घ्यायच्या आधीच मी त्यांचे चार भाग पाडले. दोन भाग पिस्तुलाला, एक पेलेटला, एक रेंजची फी आणि कोचला. ही वाटणी मी अखेरपर्यंत मोडली नाही आणि आज त्याचं मला सर्वांत जास्त समाधान आहे. सगळे पैसे पिस्तुलात घालून नंतर पेलेट मोजून वापरणारे दोघं माझ्याच बरोबर शिकायला लागले होते. त्यांचं पिस्तूल माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं, पण आठवड्याला तीसचाळीस शॉटवर हात बसत नाही.

सुरुवातीला मीही वेगाच्या आकड्यांना भुलले होते. खोक्यावर मोठा आकडा दिसला की तेच पिस्तूल भारी वाटायचं. खरं तर १० मीटरवर कागदाला भोक पाडायचं असतं, आणि स्पर्धेच्या पिस्तुलांतून पेलेट सेकंदाला साधारण १५० मीटरच्या आसपास वेगानंच जाते. जास्त वेगाचा इथे काहीच उपयोग नाही. ओळखीच्या एकांचं स्प्रिंगचं पिस्तूल महिनाभर वापरून पाहिलं. त्यातला जड पिस्टन पेलेट नळीतून बाहेर पडायच्या आतच पुढे धडकतो, त्यामुळे पकड जराशी बदलली तरी शॉट वेगळीकडे जातो. आपली चूक कोणती आणि स्प्रिंगची कोणती हे नवख्याला कळत नाही. शिकण्यासाठी ते मी कुणालाच सुचवणार नाही. दुसऱ्या टोकाला २०० बार दाबापर्यंत हवा भरलेल्या सिलिंडरची पिस्तुलं, स्टायर, मोरिनी, वॉल्थर वगैरे कंपन्यांची. उत्तमच. पण त्यात हवा भरायची सोय आणि खर्च धरावा लागतो, आणि जुनं घेतलं तर सिलिंडरवरची मुदत पाहावी लागते. मला दाखवलेल्या एका पिस्तुलाच्या सिलिंडरवरची मुदत उलटून गेली होती. विकणाऱ्याने ते सांगितलं नव्हतं, तारीख मीच वाचली.

निवड कशी केली ते सविस्तर सांगते, कारण माझ्या मते तिथेच सगळं ठरतं. कोचनी मला पिस्तूल हातात देऊन डोळे मिटायला लावले. डोळे मिटूनच हात नेहमीसारखा उचलायचा, मनगट घट्ट, खांदा सैल, आणि मग डोळे उघडायचे. फ्रंट साइट, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची पट्टी, रिअर साइटच्या म्हणजे मागच्या पट्टीच्या खाचेत आपोआप बसलेली दिसली पाहिजे. मी पाच पिस्तुलं अशी उचलून पाहिली. तीन पिस्तुलांत फ्रंट साइट खाचेच्या डावीकडे चिकटलेली, एकात पार वर. पाचव्यात थोडी उजवीकडे, पण जवळजवळ बरोबर. माझा हात लहान आहे आणि त्या पिस्तुलाची ग्रिप, म्हणजे धरायची लाकडी मूठ, मध्यम मापाची होती, म्हणजे लाकूड कमी करायला वाव होता. तेच घेतलं. त्याहून चकचकीत दोन पिस्तुलं त्याच किमतीत समोर होती.

ग्रिपवर मी पहिले दोन महिने काम केलं. अंगठ्याच्या बुडाशी लाकूड दाबत होतं, साठ शॉटनंतर तिथे लाल वळ उठायचा. कोचनी सांगितलं की एकदम कानस मारू नको, आधी हाताला खडू लाव, ग्रिप पकड, आणि जिथे खडू घासून चमकतो तेवढंच काढ. मी अर्धा अर्धा मिलिमीटर काढत गेले, मग पॉलिश पेपर. उलट तळव्याच्या पोकळीत जागा मोकळी राहत होती, तिथे एपॉक्सी पुट्टीचा पातळ थर दिला आणि ओला असतानाच हात दाबून धरला. वाळल्यावर माझ्या तळहाताच्या रेषा त्यात उमटलेल्या होत्या. त्या दिवसानंतर पिस्तूल प्रत्येक वेळी एकाच जागी बसायला लागलं.

इतका खटाटोप का, याचं गणित मला नंतर उमगलं आणि ते सगळ्या नवख्यांना सांगावंसं वाटतं. दोन्ही साइटमधलं अंतर माझ्या पिस्तुलात सुमारे ३२ सेंटीमीटर आहे. फ्रंट साइट खाचेत १ मिलिमीटर सरकली, तर १० मीटरवर शॉट सुमारे ३१ मिलिमीटर सरकतो. टार्गेटच्या मधलं दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं आहे, म्हणजे दहाऐवजी थेट सात गुण. पण साइट एका रेषेत ठेवून अख्खा हात ५ मिलिमीटर हलला, तर शॉटही ५ मिलिमीटरच हलतो, दहा तर दहाच राहतात. मी कित्येक आठवडे हाताच्या थरथरीशी भांडत होते. भांडायला हवं होतं मनगटाच्या वळण्याशी, आणि ते वळणं येतं वाकड्या ग्रिपमधून आणि झटक्याने ओढलेल्या ट्रिगरमधून.

ट्रिगर हीच या पिस्तुलाची खरी कमाई. दोन टप्प्यांचा आहे, पहिला टप्पा हलका, मग स्पष्ट भिंत लागते, आणि तिथून अगदी थोड्या दाबाने सुटतो. घसटत सुटणारा ट्रिगर असता तर मी तो पहिल्याच महिन्यात परत केला असता. पण एक धडा महागात पडला. पाचव्या महिन्यात छोट्या स्पर्धेला गेले. तपासणीत पिस्तूल उभं धरून ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन अडकवतात, ते वजन उचललं गेलं पाहिजे. माझा ट्रिगर वजन उचलायच्या आत खटकन सुटला. आधीच्या मालकाने तो हलका करून ठेवला होता आणि मी एकदाही मोजला नव्हता. तिथल्या तिथे स्क्रू आवळून पास झाले, पण बोटाला ओळखीचा ट्रिगर गेला आणि पहिल्या दहा शॉटांत चार वेळा सहाच गुण पडले. जुनं पिस्तूल घेताच ट्रिगरला वजन लावून पाहा. पिस्तुलाच्या कमाल वजनाची १५०० ग्रॅमची मर्यादाही तेव्हाच तपासून घ्या.

आता तक्रारीचा भाग. चौथ्या महिन्यात माझे शॉट मधूनच खाली जायला लागले. दहा, नऊ, दहा, आणि अचानक खाली आठ किंवा सात. तीन आठवडे मी आणि कोच मनगटात दोष शोधत होतो. वहीत मी प्रत्येक शॉटपुढे एखादा शब्द लिहिते, त्यामुळे शेवटी सापडलं. खाली गेलेले बहुतेक शॉट मी हात एकदा खाली ठेवून पुन्हा उचलला तेव्हाचे होते. म्हणजे हवा भरल्यावर जास्त वेळ गेलेला. मग मुद्दाम पाहिलं. पाच शॉट लगेच मारले, पाच एक मिनिट थांबून मारले. कागदावर भोकांचे दोन वेगळे पुंजके (ग्रुप), एकाच्या खाली दुसरा. हवा अडवून धरणारं सील गळत होतं. दुरुस्तीवाल्याने नवं सील बसवलं आणि दोष एका तासात गेला, पण ते तीन आठवडे मी स्वतःवर उगाच अविश्वास ठेवला, त्याचं वाईट वाटतं. जुनं पिस्तूल पसंत करताना ही एका मिनिटाची परीक्षा विकणाऱ्यासमोरच करा. आणि हवा भरून पिस्तूल कधीही तसंच ठेवू नका.

बिघाड महागड्या पिस्तुलातही होतोच. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या १० मीटर पात्रता फेरीत मनू भाकरचं पिस्तूल भर सामन्यात बिघडलं, दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली, आणि ६०० पैकी ५७५ गुण करूनही ती बाराव्या क्रमांकावर राहिली. ते आठवलं की मी सामन्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक स्क्रू हाताने तपासते.

दांडा मिटताना शेवटच्या चार बोटांच्या अंतरात बराच जोर लागतो. ६० शॉट म्हणजे ६० वेळा. सुरुवातीला चाळिसाव्या शॉटनंतर माझा खांदा थकायचा आणि होल्ड, म्हणजे नेमावर हात स्थिर धरणं, ढासळायचा. मग नेम धरणाऱ्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने दांडा मिटायची सवय लावली, टेबलाचा आधार घेतला, आणि नळी कायम टार्गेटच्या दिशेलाच राहील याकडे लक्ष दिलं. आता जाणवत नाही. खांद्याचं दुखणं असलेल्याने मात्र हा प्रकार घेऊ नये, सिलिंडरचंच पाहावं.

पेलेट सपाट तोंडाच्याच घ्या, त्या कागदात गोल स्वच्छ भोक पाडतात आणि गुण नीट मोजता येतात. मी चार प्रकारच्या आणून पिस्तूल टेकवून ग्रुप पाहिले. सर्वांत महाग आणि दुसऱ्या क्रमांकाची स्वस्त यांत या नळीला काही फरक पडला नाही, म्हणून सरावाला स्वस्तच वापरते. शिसं असतं, तेव्हा सरावानंतर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका. डोळ्यांवर चष्मा हवाच.

माझ्या पिस्तुलात दांडा अर्धा उघडला की हवा न भरता ट्रिगर चढतो. घरी रोज वीस मिनिटं, पेलेट दुसऱ्या खोलीत ठेवून, कोऱ्या भिंतीसमोर ड्राय फायर करते, म्हणजे पेलेटशिवाय नुसता ट्रिगर दाबते. फ्रंट साइट सुटताना हलली का, एवढंच पाहायचं. पेलेटचा खर्च शून्य, आणि माझी खरी प्रगती याच वीस मिनिटांत झाली. पहिल्या महिन्यात ६० शॉटचे ४६८ गुण होत होते, गेल्या तीन आठवड्यांत ५२८ ते ५३४ च्या मध्ये आहेत.

कोचनी मागच्या रविवारी त्यांच्या सिलिंडरच्या पिस्तुलाने मला वीस शॉट मारायला दिले. सुटणं मऊ होतं, धक्का जवळजवळ नव्हता. पण सात गुणांचे शॉट मी माझ्या पिस्तुलाने मारते तिथेच पडले, त्याच कोपऱ्यात, खाली डावीकडे. तो कोपरा माझ्या बोटाचा आहे. तो बंद होईपर्यंत पिस्तूल बदलायचा विचार नाही, सतराव्या डब्याची ऑर्डर दिली आहे.