‘खेकड्या’च्या मॉडेलपायी ४९,१०० रुपये गेले, तुम्ही तरी सावध राहा

चार वेळा मिळून ४९,१०० रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण ज्याला सांगावं तो पहिल्यांदा तेच विचारतो आणि लगेच पुढे म्हणतो, "खेळण्यातल्या गाडीसाठी?" मेहुण्यानं तर चारचौघांत विचारलं. तिथे मी गप्प बसलो. पण ज्यांच्या घरी मॉडेल रेल्वेचे रूळ मांडलेले आहेत, त्यांना उद्या मला फसवणारा हाच विक्रेता गाठणार आहे, म्हणून लाज बाजूला ठेवून सगळं लिहितो.

आधी इंजिनाबद्दल, म्हणजे मी का गुंतलो ते कळेल. डब्ल्यूसीजी-१, जुन्या लोकांचा ‘खेकडा’. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेनं घाटातल्या मालगाड्यांसाठी १९२८ च्या सुमारास आणलेलं विजेचं इंजीन. एकूण ४१ होती. १० स्वित्झर्लंडच्या विंटरथूरला बांधलेली, बाकीची ३१ इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीत. मधे केबिन, दोन्ही बाजूंना लांब नाक, आणि चाकांना जोडणारे बाहेरचे दांडे. उभं असताना कण्हल्यासारखा आवाज करायचं. माझे वडील कल्याण शेडला असिस्टंट ड्रायव्हर होते. लहानपणी त्यांनी मला त्याच्या केबिनमध्ये बसवलं होतं. मुंबईत नेहरू सायन्स सेंटरच्या आवारात एक उभं आहे. मुलांना तिथे घेऊन गेलो, की बाकी सगळं सोडून मी त्याच्याच भोवती फिरायचो.

घरी माझा एचओ स्केलचा, म्हणजे खऱ्याच्या १:८७ मापाचा, रेल्वेचा लेआउट आहे. कर्जत ते खंडाळा, ३७ फुटांना १ फूट असा चढ जमेल तसा बसवलेला, बोगदे थर्माकोल आणि प्लास्टरचे, आणि विजेची गाडी घाटात आली त्या सुमारास बंद झालेलं रिव्हर्सिंग स्टेशनसुद्धा, जिथे गाडीची दिशा उलटायची. त्या घाटावर धावायला खेकडाच नव्हता.

आणि तो मिळत नाही, हे या छंदातल्या माणसाला सांगायला नको. आपला ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १,६७६ मिलिमीटरचा, तो १:८७ केला की १९ मिलिमीटरच्या वर जातो. बाजारातले रूळ १६.५ चे, युरोप-अमेरिकेच्या गेजसाठी केलेले. बड्या परदेशी कंपन्या आपल्या गाड्यांच्या फंदात फारशा पडत नाहीत. बाहेरून काही मागवावं तर खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७०. शिवाय २०२१ पासून बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) शिक्क्याची भानगड. म्हणून आम्ही सगळे एकमेकांकडून, जुन्या संग्राहकांकडून, कोणाच्या तरी माळ्यावरून वस्तू मिळवतो. अनोळखी माणसाला आगाऊ पैसे देणं या छंदात नवीन नाही. मी आजवर असेच व्यवहार केले आणि एकदाही दगा झाला नव्हता. "असं कसं पाठवलंत?" असं विचारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

जाहिरात फेसबुकवर होती. मामा वारले, मध्य रेल्वेतून निवृत्त झालेले, त्यांचा संग्रह योग्य हातात जावा अशी मामींची इच्छा आहे. तीन वस्तू एकत्रच द्यायच्या: खेकड्याचं हातानं बनवलेलं पितळी मॉडेल, जीआयपीचा हातकंदील, आणि १९३० चं वेळापत्रक, दख्खनच्या राणीच्या पहिल्या वर्षातलं. किंमत ६९,०००. खाली निळ्या चादरीवर ठेवलेल्या वस्तूंचे फोटो.

फोनवर बोलणारा पोरगा तिशीतला वाटला. घाई अजिबात केली नाही. ‘आजच पैसे टाका, दुसरं गिऱ्हाईक आहे’ हे सगळ्यांना माहीत असलेलं वाक्य त्यानं एकदाही उच्चारलं नाही. उलट मलाच प्रश्न विचारले. लेआउट केवढा आहे, कंट्रोलर कुठला, इंजीन ऊन लागेल अशा ठिकाणी तर ठेवणार नाही ना. "काका, मामांनी जपलंय हो, म्हणून विचारतो." बार्शी लाइट, शकुंतला, माथेरान, या सगळ्या छोट्या रुळांच्या गाड्यांवर बोलला. दख्खनची राणी १ जून १९३० ला सुटली, तिचा एक रेक (डब्यांचा संच) रुपेरी आणि एक निळा होता, हेही त्याला ठाऊक. अशा माणसावर संशय घ्यायचा कसा? आपल्या घरात कोणी या विषयावर दोन मिनिटं ऐकून घेत नाही, आणि हा पाऊण तास बोलत होता. त्यानं नेमकी तीच भूक ओळखली होती.

आता ती जागा, जी आठवली की अजून रात्री झोप उडते.

मी इंजिनाच्या चाकांचा जवळून फोटो मागितला. त्यानं तासाभरात पाठवला. फोटोत दांड्यांनी जोडलेली तीन मोठी चाकं आणि त्यांच्या पुढे, टोकाला, एक लहान मोकळं चाक. खेकड्याला असं चाक नाही. दोन्ही बाजूंना तीन-तीन जोडचाकं, बस्स. लहान चाक असतं ते स्विस ‘क्रोकोडाइल’ला, सीई ६/८ ला, जे याचंच चुलत भावंड आहे आणि ज्याची मॉडेलं युरोपात कित्येक दशकं विकली जातात. हे मला माहीत होतं. फोटो पाहताक्षणी डोक्यात आलं. मी तसं लिहिलंसुद्धा: "पुढे पोनी व्हील दिसतंय, हे डब्ल्यूसीजी-१ नाही."

त्याचं उत्तर आलं: "काका, तुम्ही खरे जाणकार! ४१ पैकी पहिली १० विंटरथूरची होती ना, त्यांना सुरुवातीला पोनी होती, नंतर काढली. मामांनी मुद्दाम पहिल्या लॉटचं बनवून घेतलंय."

विंटरथूरची १० हे खरं. ४१ खरं. त्या दोन खऱ्या आकड्यांच्या मधे त्यानं खोटं सरकवलं. मला फक्त कपाटातलं पुस्तक काढून जुना फोटो बघायचा होता. पण त्या क्षणी मला इंजीन हवं होतं, आणि समोरचा मला जाणकार म्हणत होता. मी "अच्छा, हे माहीत नव्हतं" असं लिहिलं. ते वाक्य अजून चॅटमध्ये आहे.

व्हिडिओ कॉल मागितला होता, हेही सांगून ठेवतो, कारण प्रत्येक जण तेच विचारतो. "काका, घरात सुतक आहे, मामी समोरच्या खोलीत बसलेल्या असतात, तेराव्यानंतर करू." सुतकाच्या घरात ‘मला कंदील फिरवून दाखव’ म्हणायचं? मला नाही जमलं, आणि कुठल्याही सभ्य माणसाला जमलं नसतं.

पैसे असे गेले. टोकन ५,००० यूपीआयनं. मग निम्मी रक्कम पुरी करायला २९,५००. मग "पितळी वस्तू आहे, लाकडी पेटी आणि विमा लागेल" म्हणून ८,४००. शेवटी ‘पोचल्यावर परत मिळणारी’ सुरक्षा रक्कम ६,२००. उरलेले ३४,५०० माल बघून द्यायचे होते, म्हणून तर मी निर्धास्त. परत मिळणारी रक्कम कोणी मागितली की व्यवहार तिथेच तोडा, मग समोर देव उभा असला तरी. आणि यूपीआयवर पैसे टाकताना जे नाव दिसतं ते नीट वाचा. माझ्या वेळी चार वेळा तीन वेगळी नावं आली. "भावाचं खातं, काकूंचं खातं." सुतक, तेव्हा घरचे सगळे जमलेले, हेही पटलं.

पार्सल खरोखर आलं. यातच त्याची हुशारी. कुरिअरच्या मुलाला ओटीपी दिल्याशिवाय तो खोका हातात देत नव्हता. आत जुनी वर्तमानपत्रं, वजनाला दोन फरशीचे तुकडे, आणि सेलवर गोल फिरणारी प्लास्टिकची आगगाडी. छापील किंमत ३९९. तोवर फोन बंद, जाहिरात गायब. असा महागाचा खोका उघडताना कोणाकडून तरी सलग व्हिडिओ काढून घ्या, कुरिअरचं लेबल दिसेल असा. माझ्याकडे नव्हता आणि पुढे प्रत्येक टेबलावर तोच मागितला.

आता पुढचं ऐका, कारण चोरानं केलं ते एका महिन्यात संपलं, हे अजून संपलेलं नाही.

बँकेत गेलो. काउंटरवरच्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "पिन तुम्हीच टाकला ना?" टाकला. "मग आम्ही काय करणार?" रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक आहे, ज्यात ग्राहकाची जबाबदारी मर्यादित केली आहे, पण ते ग्राहकाच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांना. मी फसून स्वतः पाठवले म्हणजे परवानगी दिली, असा अर्थ. ठीक आहे, नियम असेल. पण समोरच्या खात्यावर निदान खूण करा, तिथे अजून कोणाचे तरी पैसे जात असतील, एवढंच मी म्हणत होतो. "मेल करा." मेल केला. आपोआप येणारं उत्तर आलं, त्यानंतर काही नाही.

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी "साहेब बंदोबस्ताला गेलेत". दुसऱ्या खेपेला हवालदारांनी खोका बघितला, आगगाडी बघितली आणि शेजारच्याला दाखवली. दोघे हसले. पन्नाशी उलटलेला माणूस खेळण्यातल्या आगगाडीची तक्रार घेऊन आलाय, एवढंच त्यांना दिसलं. मग म्हणाले, "पार्सल मिळालंय ना? मग फसवणूक कुठे? वस्तू पसंत नाही, ग्राहक मंचात जा." मी सांगितलं की फोटोतलं इंजीन त्याच्याकडे कधी नव्हतंच. तोवर मी तो फोटो टाकून इंटरनेटवर मूळ कुठला ते शोधून बघितलं होतं, तो युरोपातल्या एका लिलावातला निघाला. जे आपल्याकडे नाहीच ते विकून पैसे घेणं ही फसवणूक नाही तर काय? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) कशासाठी आहे? उत्तर: "खातं दुसऱ्या राज्यातलं आहे, तिकडे तक्रार करा." हेही चूक. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडो, कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते. मी तो कागद छापून घेऊन गेलो. कागद घेतला, टेबलाच्या काचेखाली सरकवला, आणि मला साध्या अर्जावर शिक्का मारून दिला. एफआयआर नाही. अर्ज. त्या अर्जाचं पुढे काय झालं विचारायला गेलो तर टेबल बदललेलं.

कुरिअरवाल्यांचं आणखी सोपं. ओटीपी दिला म्हणजे माल पोचला, आत काय होतं त्याच्याशी त्यांचा संबंध नाही. पाठवणाऱ्याचा पत्ता विचारला तर ‘गोपनीय’. चोराचा पत्ता गोपनीय, आणि माझं आधार कार्ड मात्र प्रत्येक टेबलानं झेरॉक्स करून ठेवून घेतलं.

म्हणून सांगतो, ठाण्यात जाण्याआधी १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. आकडा विसरणार नाही, आपल्या राणीचं साल आहे. जितका लवकर फोन, तितकी पुढच्या खात्यात पैसे थांबण्याची शक्यता. माझी तक्रार उशिरा गेली, कारण मी पार्सलची वाट बघत होतो, आणि त्यानं पार्सल पाठवलं ते त्याचसाठी. पैसे गेल्याची शंका आली की वस्तू येण्याची वाट बघू नका.

जुन्या वस्तूंबद्दलही थोडं, कारण कंदील आणि वेळापत्रकाच्या फोटोंकडे मी नंतर नीट बघितलं. वेळापत्रकाच्या पानावर अंतरं किलोमीटरमध्ये होती. १९३० मध्ये आपल्याकडे रेल्वे मैलांत चालायची. कंदिलावर ‘जीआयपीआर १९५४’ असा ठसा होता, आणि जीआयपी तर ५ नोव्हेंबर १९५१ ला मध्य रेल्वेत विलीन झाली. कुलपं, कंदील, बिल्ले, शिट्ट्या, सगळ्यावर हल्ली असे ठसे मारून मिळतात. पितळ नवं, ठसा नवा, हिरवा गंज आम्लानं चढवलेला. साल आणि कंपनी जुळते का, एवढं बघितलं तरी निम्मा बनावट माल गळतो. मॉडेल असेल तर आजच्या वर्तमानपत्रावर ठेवून चाकांचा फोटो मागा. आणि मुंबई-पुण्यातला विक्रेता असेल तर स्वतः जा, पैसे जागेवर द्या. पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे, तिथे येणारी माणसं या विषयात मुरलेली असतात. शंका आली तर अशा कोणाला तरी फोटो दाखवा. मी कोणाला दाखवले नाहीत, कारण दुसऱ्या कोणी आधी उचलू नये म्हणून. ही आपल्या सगळ्यांची खोड आहे आणि त्याला ती ठाऊक आहे.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण वेगळं आहे. परवा एका मित्रानं नवी जाहिरात पाठवली. नाव वेगळं, गाव वेगळं, या वेळी मामांच्या जागी आजोबा. माथेरानच्या ओरेनस्टाइन अँड कोप्पेल इंजिनाचं पितळी मॉडेल, सोबत नेरळ स्टेशनचा बिल्ला. किंमत ४२,०००, टोकन ५,०००. खाली तीच निळी चादर, कोपऱ्यातल्या शाईच्या डागासकट. मी जाहिरातीखाली लिहिलं तर मला ब्लॉक केलं. ज्यांना ती दिसतेय त्यांनी स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, तक्रार नोंदवा आणि नंबर मला कळवा, मी माझ्या अर्जाला जोडतो. आणि त्याला ते ५,००० पाठवू नका.