ब्लॅक झिंक प्लेटिंग: दहा महिन्यांनंतर

अंबडला आमचं छोटं वर्कशॉप आहे. द्राक्षबागेतल्या फवारणीच्या ब्लोअरसाठी क्लॅम्प आणि ब्रॅकेट बनवतो. आधी ब्लॅकोडायझिंग (रसायनात बुडवून लोखंड काळं करणं) करून घ्यायचो, पण तेल उतरलं की पहिल्याच पावसात तांबूस डाग. पावडर कोटिंगचा ६०-८० मायक्रॉनचा थर आट्यांत बसतो, नट पुढे सरकत नाही. दरवेळी टॅप मारून आटे साफ करत कोण बसणार? म्हणून गेल्या जूनपासून ब्लॅक झिंक, म्हणजे लोखंडावर जस्ताचा काळा मुलामा.

दिसायला झकास, गिऱ्हाईक खूश. मग एका क्लॅम्पला पाना घसरला आणि खाली चांदीसारखी रेघ दिसली. प्लेटरला फोन केला, प्लेटिंग उडतंय म्हणून. तो हसला. "शेठ, झिंक जागेवरच आहे, वरचं पॅसिव्हेशन खरवडलंय." पॅसिव्हेशन म्हणजे झिंकवर रसायनाने दिलेला पातळ थर; काळा रंग त्याचा, गंज थोपवतं ते खालचं झिंक. स्वतः झिजून ते लोखंड वाचवतं. त्या रेघेवर आजही गंज नाही.

पहिला लॉट मात्र दुसऱ्या प्लेटरकडचा होता. चलनावर नुसतं 'काळं झिंक', ना थराची जाडी किती मायक्रॉन ते, ना टॉप कोट (सगळ्यात वरचा संरक्षक थर). ऑगस्टमध्ये त्यावर पांढरी भुकटी, म्हणजे झिंकचा गंज आला. त्यात आमचीही चूक: आलेला ओलसर माल आमच्या पोराने त्याच दिवशी प्लॅस्टिकच्या पिशव्यांत कोंबला होता. आता ऑर्डरवर ८ मायक्रॉन, ट्रायव्हॅलंट (तीन संयुजेच्या क्रोमियमचं) पॅसिव्हेशन आणि टॉप कोट असं लिहून देतो, आणि माल एक दिवस मोकळा ठेवतो.

तरी यू क्लॅम्पचा आतला कोपरा रडवतोच. तिथे करंट कमी पोचतो, झिंक पातळ बसतं. बाहेर जाडीचा मीटर ८ दाखवतो. तांबडा गंज पहिला दिसला तो आतच. आता वाकाची त्रिज्या वाढवलीय, फरक पडला.

१०.९ ग्रेडचे (जास्त ताकदीचे) बोल्ट मी प्लेटिंगला देतच नाही. आम्लात आणि प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजन आत शिरतो, लगेच ओव्हनमध्ये तापवून काढला नाही तर घट्ट केलेला बोल्ट काही तासांनी तुटू शकतो. आमच्या प्लेटरकडे ओव्हन नाही.

खरी परीक्षा ऑक्टोबर छाटणीनंतर झाली. नोझलजवळच्या ब्रॅकेटवर बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) वाळून बसायचं. मोरचुदातलं तांबं झिंकला खातं. रोज पाण्याने धुतलेले ब्रॅकेट टिकले, न धुतलेले कडेने राखाडी झाले. बागायतदाराला संध्याकाळी धुवायला सांगून बघा! तेवढे ब्रॅकेट आता एसएसमध्ये (स्टेनलेस स्टील) करतोय, आणि त्यांचे बोल्टही एसएसचेच, कारण झिंकचा बोल्ट एसएसला लावला की आधी झिंक जातं.